मातेलिताचा खर्ज

नणंदेने वहिनीचं कौतुक करू नये असा कुठे नियम नाही, आणि असला तरी मी तो मोडणार आहे. मातेलिता माझ्या धाकट्या भावाची बायको. आमच्या फुनाफुटी बेटाच्या बंदरावर मासळीचं शीतगृह आहे, तिथे ती काम करते. टूना तोलून आत घेते, दारांवरचा बर्फ खरवडते आणि दुपारी अंगाला माशाचा वास घेऊन घरी येते. अंघोळ झाली की पहिली बसते ती यंत्रापाशी. चहा नंतर. जहाजावरून नवऱ्याचा फोन आला तर तोही नंतर.

यंत्र म्हणजे सिंथ, विजेवर नाना आवाज काढणारी पेटी. खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि वर एवढ्या कळा, की त्यांच्याकडे बघून मला अजून गरगरतं. माझ्या भावाने, इओआनेने, तो हांबुर्गच्या बंदराजवळ जुन्या सामानाच्या दुकानात घेतला. जहाजावर गेलेली आमची पोरं परतताना टीव्ही आणतात, बायकांना अत्तरं आणतात. आमच्या शहाण्याने विमानं बदलत, मांडीवर सांभाळत हे धूड आणलं, आठवडाभर त्यातून डासासारखे आवाज काढले, आणि रजा संपल्यावर ते बायकोच्या गळ्यात मारून पुन्हा जहाज गाठलं.

"याला ऊन लागू देऊ नकोस, खारं वारं लागू देऊ नकोस," जाताना एवढंच शिकवलं.

"मग काय कुशीत घेऊन झोपू?" मातेलिता म्हणाली. आमच्या घराच्या एका दारातून प्रवाळाच्या कड्याआतलं शांत पाणी दिसतं आणि दुसऱ्या दारातून बाहेरचा समुद्र. खारं वारं लागू द्यायचं नाही म्हणे.

पण तिने जपलं. दोन पांघरुणं, त्यावर प्लास्टिक, आत ओल शोषून घ्यायला तांदळाची पुरचुंडी. माझा भाचा शिंका देत उघडा फिरायचा आणि पांघरूण यंत्राच्या अंगावर. त्यावर मला जे बोलायचं ते मी तिला बोलले, इथे पुन्हा सांगत नाही.

शीतगृहाच्या मागे दोन कॉम्प्रेसर आहेत, दिवसभर घुमत असतात. बाकीच्या बाया कानात कापूस घालतात. मातेलिता काम करता करता त्यांच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची. एकदा मी तिचा जेवणाचा डबा द्यायला गेले तर हाताला धरून मला मागे घेऊन गेली.

"ताई, ऐका जरा. एक घुमतंय का दोन?"

"दोन आहेत की. दिसतायत."

"डोळे मिटून सांगा."

मी डोळे मिटले. आवाज जरा फुगत होता, जरा ओसरत होता, परत फुगत होता. "मध्ये लाट आहे," मी म्हणाले.

"हां. दोघं अगदी एका सुरात असते तर एकच वाजतंय असं वाटलं असतं. जरासे चुकतात, म्हणून दोन असल्याचं कळतं."

मला वाटलं, बर्फात राहून हिचं डोकं गारठलं. पण त्याच संध्याकाळी तिने सिंथच्या दोन कळा हळूच इकडेतिकडे केल्या आणि एका पट्टीतून तीच लाट काढून दाखवली. त्या यंत्राला दोन गळे आहेत. ते केसभर वेगळे लावले की एकाच्या जागी चारपाच जण गातायत असं ऐकू येतं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे इओआनेने लॅपटॉप पाठवला. त्यात आणखी सिंथ, तेही पडद्यावरचे, नुसत्या रेघा ओढून एकाला दुसरा जोडायचा. इंटरनेट चाललं की ती धडे बघायची आणि बंद पडलं की आपल्या मनाने करायची. आमचं इंटरनेट कसं आहे ते बघता बहुतेक सगळं तिने आपल्या मनानेच केलं.

दोनेक वर्षांत अशी वेळ आली, की शुक्रवारचा नाच, ज्याला आम्ही तुइसी म्हणतो, तो मातेलिताच्या गाण्यांशिवाय होईना. कुणाचा वाढदिवस असो, कुणी परदेशी शिकायला निघो, खालून तिचा ठोका आला की म्हाताऱ्यांचे गुडघे हलायला लागायचे. मोटरसायकलवरची पोरं तिच्या चाली शिट्टीवर वाजवत जायची. जन्मभर मी तेपोला होते, आता दुकानात गेले की लोक म्हणायचे, ही मातेलिताची नणंद. पहिल्यांदा राग आला. मग आवडायला लागलं.

पण तुइसी वेगळी आणि फातेले वेगळं. तुइसीत कुणीही नाचावं, कुणीही चुकावं. फातेले आमच्या आज्या-पणज्यांचं. मानेआपात, म्हणजे आमच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, पुरुष एका लाकडी खोक्याभोवती बसून तो हातांनी बडवतात, बाया मागून गातात, पुढे नाचणाऱ्या उभ्या. एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हणायचं. दर वेळी जरा जलद, जरा वरच्या सुरात, चढत चढत जायचं, आणि सगळे अगदी रंगात आले की एका थापेवर तोडायचं. तोडल्यावर कुणाचा श्वाससुद्धा मागे रेंगाळता कामा नये. फुनाफुटीत राहणाऱ्या आम्हा मूळच्या नियुताओ बेटावरच्या लोकांत दोन बाजू आहेत, आतल्या पाण्याची आणि बाहेरच्या समुद्राची. एक बाजू गाते, दुसरी उत्तर देते. मध्ये एकमेकांची यथेच्छ टिंगल. आम्ही आतल्या पाण्याचे.

आणि आमची बाजू आटत चालली होती. ब्रिस्बेन, मेलबर्न, ऑकलंड. आज हे घर कुलूप लावून विमानात, उद्या ते. मी कुणाला नावं ठेवत नाही, माझी स्वतःची मुलगी तिकडे आहे. पण गेलेल्यांत नेमके खर्जात गाणारे पुरुष जास्त निघाले. गेल्या बेटदिनाला, म्हणजे आमच्या बेटाच्या वर्षाच्या सणाला, आम्ही गायलो तेव्हा वर आम्हा बायांची किणकिण आणि खाली काहीच नाही. बाहेरच्या समुद्राच्या बाजूचा म्होरक्या नेलेसोने उठला, आमच्या चटईचं टोक उचलून खाली वाकून बघायला लागला.

"काय हरवलं?" कुणीतरी विचारलं.

"यांचे पुरुष शोधतोय," तो म्हणाला.

सगळं मानेआपा हसलं, आम्हीसुद्धा. तशी रीतच आहे, आणि वेळ आली की आम्हीही त्याच्या पोटाच्या घेरावर कडवी रचतो.

या वर्षी मात्र सभेत तो थट्टा न करता बोलला, आणि तेच जास्त लागलं. म्हणाला, "तुम्ही उरलात किती? आमच्यात येऊन बसा. एकच बाजू करू. भांडायला घरी बायका आहेतच." वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. ठरलं असं, की येत्या बेटदिनाला आम्ही गायचं. समोरच्यांना उठून उत्तर द्यावंसं वाटेल असं गायलो तर बाजू राहील. नाहीतर आमची चटई गुंडाळायची आणि त्यांच्या मागे जाऊन बसायचं.

त्या दिवशी काइतू मामा जेवले नाहीत. काइतू मामा माझे सख्खे मामा आणि आमच्या बाजूच्या खोक्याचे धनी. गाणं कधी चढवायचं, किती वेळा म्हणायचं, कधी तोडायचं, सगळं त्यांच्या हातात. खोका त्यांच्या वडिलांनी केलेला. पुढ्यात पुलाकाचा कंद आणि नारळाचं दूध तसंच पडलं होतं.

"नेलेसोनेच्या पाठीमागे बसून मी टाळ्या वाजवू?" ते म्हणाले.

मातेलिता वाढत होती. ती म्हणाली, "मामा, खर्ज मी देते."

मामांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "तू कुठल्या बेटाची गं?"

"नुकुलाएलाएची. तुम्ही लग्नात नाचला होतात."

"मग जेवणाखाण्याचं बघ. खर्ज राहू दे."

मला इतका संताप आला की मी मामांचं ताट उचलून आत नेलं. तसंही ते जेवत नव्हते. मातेलिताने मात्र वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला ती सिंथ, लॅपटॉप आणि स्पीकर हातगाडीवर घालून हजर. मामा बघत राहिले. तुइसीची राणी स्वतःहून आली म्हटल्यावर तिला हाकलायचं कसं?

तिने लॅपटॉपमध्ये ठोका लावला होता. त्या ठोक्यावर सिंथ पुरुषांचा खालचा सूर म्हणणार. पहिलं कडवं झकास झालं. कितीतरी दिवसांनी गाण्याला बूड आलं. दुसऱ्यात मामांनी थाप जरा जलद केली, आम्ही बाया पुढे गेलो, यंत्र आपलं जागच्या जागी. तिसऱ्यात आम्ही एका बेटावर आणि यंत्र दुसऱ्या. शिवाय आमचे आवाज वर सरकलेले आणि ते होतं त्याच सुरात. शेवटी मामांनी थाप मारून तोडलं. सगळे एकदम गप्प. आणि यंत्राचं आपलं "ऊंऽऽ" चालूच.

"त्याचं जेवण व्हायचंय वाटतं," मामा म्हणाले.

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मातेलिताही हसली, पण तिचे कान लाल झालेले मी बघितले.

पुढच्या सरावाला तिने वेगळी युक्ती केली. लॅपटॉपमध्ये चढती रेघ काढली, म्हणजे ठोका आपोआप जलद होत जाईल. छान चाललं होतं. पण त्या दिवशी नाचणाऱ्या पोरी अशा रंगल्या की मामांनी कडवं आणखी एकदा घेतलं. लॅपटॉपची रेघ संपली. यंत्र मध्येच गप्प.

"दमलं," मामा म्हणाले. मग जरा नरमून तिला समजावलं, "बाळा, किती वेळा म्हणायचं ते मलाच आधी ठाऊक नसतं. नाचणाऱ्यांचे चेहरे बघून कळतं. तुझ्या यंत्राला चेहरे दिसतात का?"

"नाही दिसत."

"मग?"

घरी येताना हातगाडी ढकलत मी तिला म्हणाले, "सोड गं. तुझं तुइसीत नाव आहे, ते पुरे नाही का?" तिने यंत्र घरात ठेवलं, पांघरूण घातलं, आणि दारात बसून आतल्या पाण्याकडे बघत राहिली. मी भात चढवला. भात होत आला तेव्हा ती आत आली.

"ताई, मी उलटं करत होते. खोक्याला यंत्राच्या मागे चालवत होते. मामांचा खोका कुणाच्या मागे चालेल का? माझ्याच यंत्राने खोक्याच्या मागे चालायला हवं."

"ते कसं?"

"सांगते. आधी जेवूया."

शीतगृहात धोक्याची सूचना देणारा एक भोंगा होता, गंजून बाद झालेला. त्याच्या पोटातली नाण्याएवढी पितळी चकती तिने मागून घेतली, तिला तार जोडली. चकतीवर टिचकी मारली की तेवढं लॅपटॉपला कळतं, लॅपटॉप सिंथला सांगतो, आणि सिंथ तिच्या बोटाखालच्या पट्टीचा एक हुंकार देऊन गप्प होतो. टिचकी नाही तर आवाज नाही. लॅपटॉपमधला ठोका तिने पुसूनच टाकला. आता राहिलं एकच, ती चकती मामांच्या खोक्याला चिकटवायची.

हे मामांना सांगायला माझी छाती झाली नसती. बापाच्या हातचा खोका, त्यावर मामा कुणाला चहाचा कप टेकवू देत नाहीत. मातेलिता सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"मामा, खोक्याच्या पोटाला एक टिकली लावायची आहे."

"कशाला?"

"तुम्ही थाप माराल तेव्हा यंत्र गाईल. तुम्ही थांबाल तेव्हा थांबेल. तुम्ही पळाल तर पळेल. त्याला चेहरे दिसत नाहीत, पण तुमचे हात कळतील."

मामांनी खोक्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "निघेल ना परत?"

"पाण्याने निघेल."

त्यांनी स्वतः खोका उलटा केला. आतून बोटाने ठोकत ठोकत एका कोपऱ्यापाशी आले. "इथे लाव," म्हणाले. "इथे तो जास्त बोलतो."

ठोक्याचं असं निभावलं. राहिला सूर. फातेलेत सूर चढतो तो पायरी-पायरीने चढत नाही, नकळत सरकतो. पेटीच्या पट्ट्या मात्र पायऱ्याच. मातेलिताच्या सिंथवर कोपऱ्यात एक कळ आहे, सगळं यंत्र सुरात लावायची. फिजीहून चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तिला बजावलं होतं, की ही कळ एकदा लावायची आणि विसरून जायचं, हात लावायचा नाही. तिने त्याच कळीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवला आणि सबंध गाणंभर तो उचललाच नाही. कान माझ्याकडे. कारण आमच्या बाजूच्या बायांत सूर मी उचलते. मी केसभर वर गेले की तिचा अंगठा केसभर फिरायचा. वहिनी नणंदेच्या मागे अशी मुकाट चाललेली फुनाफुटीत कुणी पाहिली नसेल.

आवाजाचा पोतही तिने बदलत बदलत आणला. आधी भोंगा, मग मधमाशी. मग एक कळ दाबत, झाकत, पुन्हा उघडत तिने त्यातून "ओ" काढला, मग "आ". एके दिवशी मामा वाजवता वाजवता थबकले.

"हा लुसामा आहे," म्हणाले.

खरंच होता. आमचा लुसामा, जो आता ब्रिस्बेनला फळं खोक्यात भरतो. तसाच जरा नाकातून.

"याला थोडा दाब," मामा तिला म्हणाले. "इथे होता तेव्हाही मी त्याला दाबूनच ठेवायचो."

बेटदिन आला. सकाळपासून डुकरं भाजली, नारळाच्या दुधातलं पुलाकाचं फेकेई झालं, टूनाचे ढीग. मानेआपा गच्च भरलं होतं, पण आमच्या बाजूला चटई जास्त आणि माणसं कमी. खोक्याभोवती मामा धरून मोजके म्हातारे. त्यांच्या पाठीशी, जिथे एरवी पुरुषांची भिंत असायची, तिथे मातेलिता एकटी, डोक्यावर फुलांचा मुकुट, पुढ्यात यंत्र.

नेलेसोने ही संधी सोडतोय होय. "मंडळी, यांचे पुरुष सापडले," तो ओरडून म्हणाला. "प्लगला लावलेत."

"तुमच्या बायका म्हणतात, तुम्हालाही एकदा लावून बघू," आमच्याकडून एक म्हातारी म्हणाली. ते हसणं ओसरायला वेळ लागला.

मग मामांनी खोक्यावर हात ठेवला.

मी सूर उचलला. पहिली थाप पडली आणि आमच्या पाठीमागून जमिनीलगत तो आवाज आला. मोठा नव्हता. पण मांडीखालच्या चटईला जाणवत होता. समोरच्या बाजूची गंमत बघायला सरसावलेली माणसं मागे टेकून बसली. दुसरं कडवं, तिसरं. मामा चढवत होते, यंत्र त्यांच्या हातांना धरून होतं, माझ्या गळ्याला धरून होतं. समोरच्या बाजूची एक बाई उठून आली, रीतीप्रमाणे नाचणाऱ्या पोरींवर अत्तर उडवलं, मग मागे जाऊन मातेलितावर उडवलं, आणि तेवढ्यावर न थांबता यंत्रावरही उडवलं. मातेलिताने मान वर केली नाही.

आता थांबतील, असं वाटलं तेव्हा मामा थांबले नाहीत. पोरींचे चेहरे त्यांनी बघितले होते. सरावात जिथवर कधी गेलो नव्हतो तिथे आम्ही गेलो. मी वळून बघितलं तर मातेलिताचा अंगठा थांबला होता. कळ शेवटाला टेकली होती. आणखी फिरायला जागाच नव्हती, आणि मामा परत कडवं घेत होते.

तिने माझ्याकडे बघितलं. कडव्याच्या तोंडाशी मी एकटी सूर उचलते, तेवढा वेळ खोका गप्प असतो, आणि थाप नाही तर तिचं यंत्रही गप्प. मला कळलं. मी तो सूर लांबवला, छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास त्यात घातला. मामांचा हात वर थांबला, ते माझ्यावर डोळे वटारून बघत होते. तेवढ्यात मातेलिताने कळ झरकन मागे फिरवली आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर वर सरकवली, म्हणजे कळीने जेवढं उतरलं तेवढं पट्ट्यांनी भरून काढायचं. आता तो सूर बरोबर लागेल का नाही, ते ऐकून बघायची सोय नव्हती. थाप पडली की सगळ्या मानेआपाला एकदमच कळणार होतं.

थाप पडली. सूर माझ्या सुराखाली येऊन बसला, जिथे असायला हवा तिथेच.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. पोरींचे पाय, खोका, माझाच आवाज मला ऐकू येईना. मग मामांनी तोडलं.

मानेआपात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कुणी मागे राहिलं नाही. यंत्रही नाही.

मग गलका झाला. माणसं चटईवर हात आपटत होती, आमचीही आणि त्यांचीही. मी रडत होते, ते सांगायला मला लाज वाटत नाही. नेलेसोने आपल्या लोकांशी कुजबुजला, मग उठला आणि मधलं अंतर ओलांडून आमच्या चटईपाशी आला. थट्टा करायला आला असावा असं वाटलं, पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"काइतू," तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्याकडेही खालचे गळे फारसे राहिले नाहीत. आम्ही फक्त ओरडून झाकतो. उत्तरापुरतं हे यंत्र दे. बाईसकट दे."

वडीलधारे कान देऊन होते. मामा म्हणाले, "मला काय विचारतोस? समोर बसली आहे, तिला विचार."

मातेलिता उठून उभी राहिली. कपाळावरून घाम आणि अत्तर एकत्र ओघळत होतं.

"काका, तुम्हाला मी दुसरं करून देईन," ती म्हणाली. "तुमच्या लोकांचे आवाज ऐकून, तुमच्या खोक्याला टिकली लावून, सगळं शिकवून देईन. पण हे नाही. हे आमच्या बाजूने गातं. गाणारं माणूस कुणी उसनं देतं का?"

नेलेसोनेने तिच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. मग मान हलवून परत गेला, आपल्या लोकांत बसला आणि त्यांच्या खोक्यावर पहिली थाप मारली. त्यांची माणसं गायला लागली, चांगलं गायला लागली, आमच्याकडे तोंड करून.

मातेलिता अजून उभीच होती. मामा खोक्यापासून जरा सरकले आणि शेजारची चटई हाताने साफ केली.

"बस इथे," ते तिला म्हणाले. "ते आपल्याला उत्तर देतायत."